गोष्टीतल्या गोष्टीतली माणसं

उमरखेड, ४ जून २०२५, बुधवार

वटपौर्णिमा येत्या मंगळवारी आहे. बचतगटातल्या बायकांनी सांगून ठेवलंय, "मॅडम, औंदा सावित्रीची गोष्ट तुम्ही सांगा. दरवर्षीच्या पुस्तिकेतली नको, महाभारतातली सांगा." म्हणून वनपर्व काढून बसले. गोष्ट पाठच आहे. मद्र देशाचा राजा अश्वपती आणि त्याची लेक. राज्य गमावलेला आंधळा द्युमत्सेन आणि त्याचा मुलगा सत्यवान. नारदानं सांगितलेलं एका वर्षाचं आयुष्य. आज मात्र गोष्टीच्या आधीची पानं वाचली आणि तिथंच अडकले.

जयद्रथानं द्रौपदीला पळवलं, पांडवांनी तिला सोडवून आणलं. युधिष्ठिर खचलाय. तो मार्कंडेय ऋषींना विचारतो, हिच्यासारखी दुसरी कुणी तुम्ही पाहिली, ऐकली आहे का? त्याला उत्तर म्हणून मार्कंडेय सावित्री सांगतात. या दोघांचं बोलणं आपल्याला कोण सांगतं? वैशंपायन, जनमेजयाच्या सर्पसत्रात. आणि वैशंपायन काय बोलले ते? सौती, नैमिषारण्यात, शौनकादी ऋषींना. म्हणजे सावित्री एकात एक अशा तीन सांगणाऱ्यांच्या आत बसलेली आहे. हे सगळं रचणारे व्यासही कथेतच वावरतात, पांडवांचे आजोबा म्हणून.

सौतीसाठी कुणी उपास धरल्याचं ऐकलेलं नाही. वैशंपायनांच्या नावानं कुठल्या झाडाला सूत गुंडाळलेलं पाहिलं नाही. सगळ्यांत आत जी आहे, तिच्यासाठी मंगळवारी गावातल्या वडांखाली बायका जमणार. महाभारतातल्या कथेत तर वडाची ही पूजाही नाही, ती नंतरच्या व्रतकथेतली. कथेनं न दिलेलं झाडसुद्धा बायकांनी सावित्रीला मिळवून दिलं.

५ जून, गुरुवार

सावित्रीच्या आधी याच वनपर्वात नळ-दमयंती येते. द्यूतात सगळं घालवून बसलेला युधिष्ठिर म्हणतो, माझ्याइतका दुर्दैवी राजा दुसरा कोण? त्यावर बृहदश्व ऋषी त्याला नळ सांगतात. नळही फाशांवर राज्य हरलेला, पुढं बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी झालेला. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याची पानं आणि फळं नजरेनंच मोजून सांगतो. नळ रथ थांबवतो, मोजून खात्री करतो. मग देवघेव ठरते. नळानं घोड्यांची विद्या द्यायची, ऋतुपर्णानं फाशांची. फाशांची विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो.

हे सगळं आतल्या गोष्टीत घडतं. आज लक्षात आलं ते पुढचं. गोष्ट सांगून झाल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला फाशांची तीच विद्या देतात. अज्ञातवासात तो कंक होऊन विराटाच्या दरबारात द्यूत खेळतो, ती शिकूनच.

ऋतुपर्णानं नळाला दिलेली वस्तू युधिष्ठिराच्या हातात आली. नुसतं सांत्वन करायचं असतं तर गोष्ट पुरे होती; पण व्यासांना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. आतल्या माणसाजवळ जे आहे ते बाहेरच्या माणसाला खरोखर लागतं आणि खरोखर मिळतं, असं त्यांनी घडवून दाखवलं. पैनगंगेच्या जंगलात बेहडे आहेत. पुढच्या वेळी तिकडं गेले की त्या झाडाकडे पहिल्यासारखं पाहता येणार नाही.

७ जून, शनिवार

मेच्या अखेरीला पाऊस धो धो येऊन गेला आणि गायब झाला. ज्यांनी पेरणीची घाई केली ते आता आभाळाकडे बघताहेत. आमच्या ह्यांनी बियाण्याच्या बॅगा पडवीत रचून ठेवल्यात, फोडायला धजत नाहीत. आज वाचणं झालं नाही.

८ जून, रविवार

पुण्याहून भाचा आलाय. कायद्याचं शिकतो, त्यामुळे जेवतानाही बाजू मांडतो. गोष्टीतल्या गोष्टीतल्या माणसांची माझी ही चौकशी त्याला पटली नाही.

"आत्या, गोष्टीतला माणूस म्हणजे शून्य. त्या माणसानं सांगितलेल्या गोष्टीतला माणूस म्हणजे शून्य गुणिले शून्य. त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. त्याला माणूस धरलंस की खऱ्या माणसाच्या वाटणीतला हिस्सा त्याला जाणार. दमयंतीसाठी रडून झाल्यावर शेजारणीसाठी काय उरतं?"

शेवटचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. सप्ताहात आख्यान ऐकताना डोळे पुसणारी आणि घरी येऊन सुनेला उपाशी ठेवणारी माणसं मी बघितली आहेत.

त्याला डॉन किहोतेचा दाखला दिला. सर्व्हांतेसच्या त्या कादंबरीचा दुसरा भाग १६१५ साली निघाला. त्यात पेद्रो नावाचा एक जण कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लावतो. पळून चाललेलं जोडपं, मागं शत्रूचं सैन्य. किहोतेला राहवत नाही. तो तलवार उपसून बाहुल्यांचं सैन्य कापून काढतो. भानावर आल्यावर तुटलेल्या एकेका बाहुलीचे पैसे मोजून देतो. भाचा लगेच म्हणाला, "पैसे कुणाला दिले? बाहुलीवाल्याला. हाडामांसाच्या माणसाला. झालं की माझं सिद्ध!"

पण बाहुलीवाला तरी कुठं हाडामांसाचा? तोही सर्व्हांतेसच्या कागदावरचाच. आणि भाच्याला त्याचं नुकसान मात्र खरं वाटलं, भरपाई योग्य वाटली. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो ताक पिऊन हात धुवायला उठला.

९ जून, सोमवार

रात्रभर डोक्यात वेताळ होता. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही गोष्ट आपल्या पैठणलाच सुरू होते. गोदावरीकाठचं प्रतिष्ठान आणि तिथला राजा त्रिविक्रमसेन. त्यानं झाडावरचं प्रेत खांद्यावर घ्यायचं, न बोलता न्यायचं. प्रेतातला वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, यात न्याय कुणाच्या बाजूनं? माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर.

मंदारवतीची गोष्ट घ्या. तिच्यावर जीव असलेले तिघं. ती मरते. एक जण तिच्या राखेवरच अंथरूण घालतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत भटकत मेलेल्याला उठवायचा मंत्र मिळवतो. ती उठते. आता ती कुणाची? राजा म्हणतो, उठवणारा बापाच्या जागी, अस्थी नेणारा मुलाच्या, राखेवर झोपला तो नवरा. निवाडा झाला, मौन मोडलं, प्रेत गेलं. राजा पुन्हा अंधारात स्मशानाकडे चालायला लागतो.

हे मी भाच्याला सकाळी सांगितलं, कारण यात त्याच्या हिशोबाला उत्तर आहे. मंदारवती वेताळाच्या गोष्टीतली, वेताळ सोमदेवाच्या गोष्टीतला. तिला न्याय मिळाला म्हणून राजाला काय लाभ? काहीच नाही, उलट तेवढी पायपीट पुन्हा. तरी तो दर वेळी बोलतो. धमकी डोकं फुटण्याची आहे, हे खरं. पण ती धमकीही उत्तर ठाऊक असलेल्यालाच लागू आहे. शेवटी बाप-लेकाची आणि माय-लेकीची अशी उलटसुलट लग्नं लागलेली गोष्ट येते, त्यांच्या मुलांचं नातं काय ते राजाला सुचत नाही, तो गप्प राहतो आणि त्याचं काही बिघडत नाही. न कळणं चालतं. कळूनही तोंड मिटणं चालत नाही, मग समोरची माणसं गोष्टीच्या कितीही आतली असोत.

"कोर्टात असं होत नाही," भाचा म्हणाला.

"शिकून घे मग," म्हटलं.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

ऊन कडक. वडाखाली आंबे, सूत, हळद-कुंकू, नव्या साड्या. मी गोष्ट सांगितली ती यमाच्या मागं चालत जाणारी सावित्री जरा सावकाश घेऊन. आधी सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्यांचं राज्य, मग वडिलांना शंभर मुलगे, मग स्वतःला शंभर. नवऱ्याचा जीव सर्वांत शेवटी. बायकांना हा क्रम फार आवडला. "पोरं मागून घेतली अन् यमालाच अडकवला," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

गटातली एक कडेला उभी होती. तिचा नवरा गेला तेव्हापासून ती वडाशी येत नाही, म्हणजे तिला येऊ देत नाहीत. या रीतीची मला चीड आहे आणि ती मी तिथंच बोलले. हाताला धरून तिला माझ्या शेजारी बसवलं. काहींना रुचलं नाही. नाही तर नाही.

गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, सावित्रीला वरीसभर आधी माहीत होतं. मला तं त्या दिवशी सकाळपर्यंत माहीत नव्हतं."

कुणी काही बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "माहीत असूनही तिनं वरीसभर कुणाला सांगितलं नाही, माय. सासूला नाही, नवऱ्याला नाही. ते कसं काढलं असंल?" आणि तिथून बोलणं सुरू झालं. सावित्रीनं सांगायला पाहिजे होतं की नको, तीन रात्रींचं व्रत करताना ती काय विचार करत असेल, सत्यवानाला कळलं असतं तर तो लाकडं तोडायला गेला असता का. आमच्यातली ती तिच्या सकाळबद्दल बोलली, पहिल्यांदाच इतकं बोलली. दोघींची वर्षं शेजारी शेजारी ठेवून बायका तोलत होत्या. सावित्री होऊन गेली की नाही, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. आणि सावित्रीवर खर्च झालेल्या वेळानं आमच्यातलीचं काही कमी झालं नाही. तिच्यापर्यंत आम्ही सावित्रीच्याच वाटेनं पोचलो.

१२ जून, गुरुवार

परवाचं मनातून जात नाही. त्यावरून 'तेरवं' आठवलं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं नाटक. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायका त्यात काम करतात. आपल्या जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांतल्या एक. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं, मोठा वाद झाला, आणि उद्घाटन वैशालीताईंनी केलं.

नाटकात उभी राहते तेव्हा ती बाई कोण असते? पात्र म्हणावं तर दुःख तिचं स्वतःचं. स्वतः म्हणावं तर वाक्यं लेखकानं लिहिलेली, हालचाली दिग्दर्शकानं बसवलेल्या. भाच्याच्या गणितानं नाटकात शिरल्यावर तिचं माणूसपण घटायला हवं. घडलं उलटं. बाहेर ती सरकारी मदतीच्या अर्जावरचं नाव होती, पात्र-अपात्रच्या रकान्यात. नाटकात आल्यावर लोक तिला पूर्ण ऐकायला बसले.

शेजारच्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण. तिथले साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. 'पहिली शेतकरी आत्महत्या' म्हणून त्यांचं नाव दर मार्चमध्ये येतं. हाडामांसाचा माणूस, आणि एका क्रमांकापुरता उरला. माणूस गोष्टीच्या किती आत आहे, यानं काही ठरत नाही असं मला आता ठामपणे वाटतं. सांगणाऱ्यानं त्याला जपून आणलं की नाही, यावर ठरतं. मार्कंडेय, वैशंपायन, सौती या तिघांनी सावित्री जपून आणली, वाटेत तिचं काही सांडू दिलं नाही. आणि आपल्याला जवळपास ४० वर्षांत शेजारच्या चिलगव्हाणहून एक माणूस धड आणता आला नाही.

१४ जून, शनिवार

भाचा उद्या निघणार. त्याला वाटेत वाचायला तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' दिलं. कायद्याच्या विद्यार्थ्यानं ते वाचलेलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९६७ सालचं नाटक, 'रंगायन'नं अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली केलेलं. लीला बेणारे सुलभाताई देशपांड्यांची.

एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला आलेली. वेळ आहे म्हणून गमतीचा खटला लावतात, आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. नाटकातलं नाटक. गावातला साधाभोळा सामंत साक्षीला उभा राहतो आणि तिला प्रोफेसर दामल्यांच्या घरी बघितल्याचं रचून सांगतो. ती साक्ष खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तीच साक्ष तिच्या खऱ्या आयुष्यावर जाऊन बसते.

खेळ आहे, मनावर घेऊ नकोस, असं म्हणत म्हणत तिला फाडलं जातं. भाच्यानं हे नीट बघावं अशी माझी इच्छा आहे. आतल्या गोष्टीतली माणसं माणसं नव्हेत, हा नियम तिथं लागू होतो तो दुष्टांच्या सोयीसाठी. आरोपी खोटी, मग तिच्यावर काहीही टाकता येतं. माझ्या वर्गात मुलं एखादीची नक्कल करतात आणि वर म्हणतात, मॅडम, नाटक होतं ते. मी ऐकून घेत नाही.

१७ जून, मंगळवार

काल संध्याकाळी पाऊस लागला. आज वावरात जायचं ठरलं आहे, पण पहाटे उठून गुणाढ्य वाचला.

वेताळ ज्या मोठ्या कथेत आहे तिच्या उगमाची ही कथा. शंकर पार्वतीला गोष्टी सांगतात, पुष्पदंत चोरून ऐकतो, शाप मिळून वररुची होतो, काणभूतीला सांगतो, काणभूती गुणाढ्याला. गुणाढ्य सातवाहनाच्या पदरचा, पण पैज हरून संस्कृत, प्राकृत, देशी सगळ्या भाषा सोडून अरण्यात गेलेला. तो पैशाचीत सात लाख श्लोक लिहितो. शाई नाही म्हणून रक्तानं. सातवाहन पिशाचांच्या भाषेतलं म्हणून ते नाकारतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड करतो, एकेक पान मोठ्यानं वाचतो आणि आगीत टाकतो. हरणं, डुकरं, पाखरं भोवती उभी, चरणं सोडून, डोळ्यांत पाणी. राजवाड्यात येणारं मांस सुकं पडतं, राजा आजारी होतो, चौकशी करत स्वतः येतो. तोवर सहा लाख श्लोक जळाले. उरलेला एक लाख, नरवाहनदत्ताची कथा, त्यानं मागून घेतली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी रचलेला कथासरित्सागर या उरलेल्यातून आल्याचं सांगतो.

आणि मी त्या सहा लाखांतल्या माणसांचा विचार करत बसले. त्यांत कुणी मंदारवती असेल, कुणी सावित्रीहून हट्टी असेल. त्यांना फक्त हरणांनी ऐकलं. भाचा म्हणेल, गुणाढ्यच कथेतला, त्यानं जाळलेला ग्रंथ कथेतला, त्या ग्रंथातली माणसं तर कुणी लिहिलेलीही नाहीत. मान्य. तरी त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं बनावट नव्हतं. सांगायला कुणी न उरलेल्या बायका इथल्या गल्लीगल्लीत होऊन गेल्या. माझी पणजी त्यांतलीच, तिचं माहेरचं नावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नाही. त्या जळालेल्या पानांतली माणसं मला तिच्या शेजारची वाटतात.

१९ जून, गुरुवार

पेरणी चालू. रात्री थोडं योगवासिष्ठ. जीवटाची गोष्ट. एक भिक्षू ध्यानात आपण जीवट नावाचा माणूस आहोत असं कल्पितो. जीवट दारू पिऊन झोपतो आणि स्वप्नात ब्राह्मण होतो. ब्राह्मण स्वप्नात राजा, पुढं अप्सरा, हरिणी, वेल, भुंगा, हत्ती, हंस असं होत होत शेवटी रुद्र. रुद्राला सगळं कळतं. तो भिक्षूला उठवतो, मग दोघं जीवटाला उठवतात, मग ब्राह्मणाला, मग एकेकाला. हे तुझं स्वप्न होतं म्हणून कुणाला पुसून टाकत नाही. सगळे एकमेकांना बघून थक्क होतात, आणि रुद्र त्यांना आपापल्या घरी, आपापल्या माणसांत परत पाठवतो.

वसिष्ठ हे रामाला सांगतात, जग मिथ्या आहे हे शिकवताना. मला त्यातला उठवण्याचा भाग मोठा वाटला.

२२ जून, रविवार

बायकांनी श्रावणात दमयंती सांगा म्हणून मागणी केली आहे. आमच्यातली ती म्हणाली, मी पुढं बसणार. आधीपासूनच.

रात्री भाच्याचा फोन आला. नाटक वाचून झालं होतं. खटल्याच्या पद्धतीतल्या चुका सांगत होता, साक्षीदाराला असं विचारता येत नाही, न्यायाधीशच साक्षीला कसा उभा राहतो. मग थांबला.

"आत्या, ते प्रेक्षक येतात, सगळे उठून खेळाच्या तयारीला लागतात. बेणारे तशीच पडून राहते. पुढं काय झालं तिचं?"

"तेंडुलकरांनी लिहिलेलं नाही."

"पण तिनं ते टिक-ट्वेंटीचं विष खरंच…"

"मीही तेच विचारत आले आहे. आणि निकालात काय म्हटलंय ते वाचलंस ना? तिनं जगावं, पोटातलं मूल मात्र नाहीसं करावं. त्या मुलाचं काय रे?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, अभिरूप न्यायालयाला शिक्षा देण्याचा अधिकारच नसतो, त्या आदेशाला काही अर्थ नाही, तो कुणालाही बांधत नाही. अपील होऊ शकतं. पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा लिहून आणतो, म्हणाला, तिच्या बाजूनं. आणि मुलाच्या बाजूनं वेगळं.